लेकीचे कुरळे केस आणि आईचं एक वर्ष

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांचे स्वतःचे केस सरळ, लेक मात्र आत्यावर गेलेली. दाट, कुरळे केस, वाळले की डोक्याभोवती फुलून उभे राहणारे. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. गेल्या आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) रोज सकाळी कोरड्या केसांत फणी, ओढाताण आणि रडारड. मग आईने मनावर घेतलं. मोबाइलवर बघून, विचारून, चुकत चुकत वर्षभर त्या केसांची निगा राखली. आता मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे आणि लेक म्हणते, "मला नको हे केस, पार्लरमध्ये कायमचे सरळ करून दे." पार्लरवाली साडेचार हजार सांगते. सासूबाई म्हणतात, "तेल लावून दोन घट्ट वेण्या घाल, धुताना मूठभर केस हातात येतात, अशाने टक्कल पडेल पोरीला." आई विचारते, "वर्षभराची मेहनत वाया गेली असं वाटतं. तिला हो म्हणू की नाही?"

ताई,

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. "मी धुते", "मी गुंता काढते", "मी जवसाचं जेल करते", "मी उशीला साटीनचा अभ्रा शिवला", अशा प्रत्येक 'मी'खाली रेघ मारत गेले. पानं रेघांनी भरली. लेकीच्या तोंडचं वाक्य मात्र अख्ख्या पत्रात एकच सापडलं, "मला नको हे केस." तुम्ही त्या पोरीसाठी किती झिजलात ते त्या रेघांवरून दिसतं. पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही मला तिथेच दिसतं. त्याकडे येतेच. आधी ते 'वाया' खोडून टाकू.

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे गेल्या आखाजीपासून लेकीच्या डोक्यावर १२ ते १५ सेंटिमीटर नवा केस आला आहे, वीतभराला थोडा कमी. तिचे केस कमरेपर्यंत आहेत असं तुम्ही लिहिता, तर टोकाचा भाग चार-पाच वर्षांपूर्वीचा असणार. त्या टोकांनी ती सगळी कोरडी फणी सोसली आहे. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो. हाताला जखम झाली की भरते, तसा तो भरून येत नाही. कुठल्याही महागड्या बाटलीने तो आतून सांधला जात नाही, फक्त वरून गुळगुळीत होतो. म्हणून तुम्हाला टोकं अजून झाडूसारखी दिसतात आणि वाटतं की काहीच झालं नाही. एक करून बघा. धुतलेल्या ओल्या केसांतली एक बट हातात घ्या, मुळापासून वीतभर बोटं फिरवा, मग टोकाकडची वीतभर चाचपा. वरचा भाग बोटांतून सुळकन जाईल, वळणं एकसारखी लागतील. खाली बोटं अडतील. ती सुळसुळीत वीत म्हणजे तुमचं वर्ष. लेकीलाही तिचा हात तिच्याच केसांवर ठेवून हे दाखवा.

माझेही केस असेच. धुळ्यात आमच्या घराच्या ओट्यावर आजी मला दोन गुडघ्यांत पकडून बसायची आणि अहिराणीत म्हणायची, "तुन्हा डोकामा चिडीनी खोपा करेल शे." चिमणीने घरटं केलंय. आपल्याकडे खोपा म्हणजे घरटंही आणि बायकांचा अंबाडाही, त्यामुळे मला ते बोलणं कधी टोचलं नाही. शाळेतलं मात्र टोचलं. तिथे मला 'गिलकं' म्हणायचे. वेलावर वाळलेल्या गिलक्याची जाळी असते ना, तशी म्हणे. आठवी-नववीची दोन वर्षं मी त्या शब्दाखाली काढली आणि घरी एका शब्दाने सांगितलं नाही. आई विचारायची, "केसांना काय झालं?" मी म्हणायचे, "मला नको हे केस."

म्हणून मला विचारावंसं वाटतं, तुमची लेक 'नको' म्हणते ते नक्की कशाला? वर्गात कुणी नाव ठेवलंय का? लग्नात सगळ्या बहिणी एकसारख्या सरळ केसांच्या, आणि फोटोत आपण एकटीच वेगळी, असं तिला वाटतंय का? की दर रविवारी दोन तास मोरीत मान खाली घालून बसायचा तिला कंटाळा आला आहे? की केस नकोच आहेत, लांबीच नको आहे? या चारही 'नको'ची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि सरळ करणं हे त्यातल्या फार तर एकाचं उत्तर आहे. समोर बसवून विचारू नका, ती बोलणार नाही. मागे बसून केस सोडवताना विचारा. तोंड समोर नसलं की या वयाच्या मुली बोलतात.

आता पार्लरचं. कायमचे सरळ करणं म्हणजे काय होतं ते तिला आणि तुम्हाला दोघींना माहीत असायला हवं. केस कुरळा असतो कारण तो ज्या मुळातून निघतो तेच वाकडं असतं आणि केसाचा काप गोल नसून चपट्या लंबगोलासारखा असतो. केसाच्या आत गंधकाचे पक्के दुवे असतात, ते हा आकार धरून ठेवतात. रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने ते दुवे तोडतात, केस ताणून इस्त्री करतात आणि दुसऱ्या रसायनाने दुवे सरळ आकारात पुन्हा जोडतात. सगळे काही जोडले जात नाहीत, केस तेवढा कायमचा कच्चा होतो. आणि मूळ तर वाकडंच राहतं. तीन महिन्यांनी श्रावण येईल तेव्हा वरून तीन-चार सेंटिमीटर कुरळा केस आणि खाली सरळ काड्या, अशी दुफळी दिसेल. जिथे हे दोन केस भेटतात तिथेच तो सगळ्यात जास्त तुटतो. मग पुन्हा पार्लर, पुन्हा साडेचार हजार. 'कायमचे' हा शब्द फक्त त्या वाढलेल्या केसापुरता खरा आहे.

केराटिन किंवा स्मूदनिंग नावाने जे करतात ते सौम्य असतं असा समज आहे. त्यातल्या काही द्रव्यांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना झालेली आहे. 'फॉर्मल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या काही बाटल्यांत त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं आणि तसं सरळीकरण केल्यावर मूत्रपिंडांना अचानक इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. १३ वर्षांच्या मुलीसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे, रसायनाला नाही म्हणा. शिवाय या वयात शरीरातले बदल केसांतही उतरतात. वळण बदलतं, टाळू जास्त तेलकट होते. तिचे मोठेपणीचे केस कसे असतील हे अजून तिला स्वतःलाच कळायचं आहे. पुढे मोठी झाल्यावर सगळं समजून तिने सरळ करायचं ठरवलं तर तो तिचा हक्क, तेव्हा तुम्ही आणि मी कुणीच आड येऊ नये.

पण नुसतं 'नाही' म्हणून सोडू नका. लग्नासाठी एक दिवस सरळ हवेत? करून द्या. ब्लो-ड्राय किंवा इस्त्री, आधी उष्णतेपासून वाचवणारं क्रीम, आणि इस्त्री पूर्ण वाळलेल्या केसांवरच. ओल्या केसावर फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केस आतून फुटतो. एका दिवसाच्या इस्त्रीने गंधकाचे दुवे तुटत नाहीत. पाण्याने सुटणारे कच्चे दुवे तेवढे बदलतात, धुतलं की वळणं परत येतात. तिला हेही खरं सांगा की मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकतो, हळदीला सरळ केलेले केस वरातीत नाचून घाम आला की मानेपासून वळायला लागतील. हे कळल्यावर ती कदाचित म्हणेल, फक्त रिसेप्शनला करू. ठरवू दे तिला.

दुसरा पर्याय मला जास्त आवडतो, कात्री. जुनी टोकं कापा. कमरेपर्यंतचे केस हा तिचा हट्ट आहे की घराचा, ते तिला विचारा. खांद्याखाली चार बोटं एवढे ठेवले तर कोरडा भाग बराचसा निघून जाईल, वजन कमी होऊन वळणं वर उचलली जातील आणि तिला काहीतरी बदलल्याचं समाधान मिळेल. कुरळा केस ओला असताना लांब दिसतो आणि वाळला की आखडतो, म्हणून शक्यतो वाळलेल्या केसांवर, थोडं थोडं कापायला सांगा. केस विरळ करणारी दातेरी कात्री वापरू देऊ नका, तिने टोकं पिंजारतात.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोडं रागाने लिहिलं आहे. त्यांच्या तीन गोष्टींपैकी एक बरोबर, एक निम्मी बरोबर आणि एक चूक आहे. तेलाचं बरोबर. डोक्यातलं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, कुरळ्या केसाच्या वळणावळणात ते अडकून राहतं, म्हणून हे केस जात्याच कोरडे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी केसाची झीज कमी करतं. तेव्हा धुण्याच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीला खोबरेल लावायचं काम सासूबाईंकडे द्या, त्यांनाही बरं वाटेल. टाळूवर कोंडा असेल तर मात्र तिथे तेल नको, कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच जगते.

वेणी निम्मी बरोबर. बांधलेल्या केसांत गुंता कमी होतो. पण रोज मुळापासून ताणून बांधली तर कपाळावरची रेषा मागे सरकते आणि तिथले केस पुढे येईनासे होतात. शाळेला दोन वेण्या हव्यात तर त्या घाला, मुळाशी सैल, जरा दमट केसांवर, रिबिनीखाली रबर न घालता. या घट्ट वेणीमागे आणखी एक जुनी भीती असते, ती समजून घ्या. आपल्या आज्यांनी गुंत्याच्या जटा होताना पाहिल्या आहेत. जट म्हणजे देवीचा कौल, ती कापायची नाही, असं सांगून बायकांना जन्मभर ते ओझं वाहायला लावलेलं त्यांनी बघितलं आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना अजूनही घरोघर समजूत काढून जटा कापून द्याव्या लागतात. जट म्हणजे गळलेले केस, तेल आणि धूळ यांचा न सोडवलेला गुंता, दुसरं काही नाही. तुमच्या सासूबाई कदाचित हे बोलून दाखवत नसतील, पण मोकळे कुरळे केस बघून जुन्या बायकांच्या पोटात गोळा येतो तो त्यामुळे.

आणि टक्कल. हे चूक. प्रत्येकाचे दिवसाला ५० ते १०० केस गळतात. सरळ केस उशीवर, फरशीवर, अंगणात पडतात, कुणी मोजत नाही. कुरळ्या केसांत गळलेला केस वळणात अडकून तिथेच राहतो आणि धुण्याच्या दिवशी सगळे एकदम हातात येतात. तुम्ही दर रविवारी धुता, म्हणजे साडेतीनशे ते सातशे केस. मूठ भरणारच. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, तुटलेल्याला नसतो. ठिपकेवाले असतील तर निवांत राहा, तुकडे असतील तर हात हलका करा. भांग रुंद होत असेल, टाळू चकत्यांनी दिसत असेल किंवा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढली असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पाळी सुरू झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही एकदा बघून घ्या.

तुम्ही व्हिडिओंना दोष दिला आहे, "त्यांचं जमतं, आमचं का नाही?" ताई, पाणी बघा. बोअरचं पाणी, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली, हीटरच्या कॉइलवर चुन्याचा थर. तोच चुना केसावरही बसतो. केस ताठ, निस्तेज, कंडिशनर लावूनही खरबरीत, अशी तक्रार आपल्याकडे बाई बाई करते आणि बाटली बदलत राहते. अंगाचा साबण तर डोक्याला लावूच नका, जड पाण्यात त्याची चिकट साय होऊन ती केसावर बसते. शाम्पूची किंवा शिकेकाईची तशी साय होत नाही. महिन्यातून एकदा साचलेलं धुऊन काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा. शेवटचे दोन तांबे पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ तेवढं घ्या. उकळल्याने काही चुना खाली बसतो, सगळा नाही. पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या वळचणीखाली घंगाळ लावा, पहिला धुळीचा पाऊस जाऊ द्या आणि मग त्या पाण्याने एकदा धुऊन बघा. मला स्वतःला माझ्या केसांचा पोत पहिल्यांदा कळला तो अशाच एका घंगाळातल्या पाण्याने.

दुसरं, हवा. मुंबईकडचे व्हिडिओ दमट हवेतले असतात. धुळ्या-जळगावच्या एप्रिलात केस आपले बघता बघता वाळतात, जेल लावेपर्यंत टोकं कोरडी. म्हणून उन्हाळ्यात जेल केस निथळत असतानाच लावायचं, टॉवेल न लावता, मोरीतच. मग जुन्या सुती टी-शर्टमध्ये दाबून पाणी टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. ग्लिसरीन जास्त असलेली क्रीमं मला लूच्या दिवसांत केस कडक करतात आणि आषाढात फुलवतात. वर्षभर एकच बाटली चालत नाही, एवढं धरून चला.

जवसाच्या जेलबद्दल बऱ्याच जणी विचारतात, म्हणून तेही सांगते. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर सतत हलवत. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार डावातून लोंबायला लागली की लगेच गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. गार होऊ दिलंत तर गाळता येत नाही, माझं पहिलं पातेलं तसंच फुकट गेलं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्या. आणि केळं वाटून लावायचं तुम्ही लिहिलं आहे, तुमच्याकडे घराघरात केळी, मोह होणारच. ते केसाच्या आत जात नाही आणि वळणांत अडकलेले कण दोन दिवस निघत नाहीत. केळं खायला द्या तिला.

आता पेन्सिलीच्या रेघांकडे येते. वर्षभरात तुम्ही ते केस शिकलात. ती नाही शिकली. तिच्यासाठी ते आईचं काम आहे, रविवारचे दोन तास आहेत, आणि डोक्यावर ती ज्याला हात लावायला घाबरते असं काहीतरी आहे. जे आपल्याला हाताळता येत नाही ते नकोसंच होतं. मलाही माझे केस आवडायला लागले ते कुणी कौतुक केलं म्हणून नाही. अकरावीला होस्टेलवर गेले, तिथे गुडघ्यांत धरून बसायला आजी नव्हती. पहिल्या महिन्यात मी रडत रडत गुंता सोडवला. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या खोलीतल्या मुलीचा सोडवून दिला.

म्हणून येत्या रविवारी एवढंच करा. मधोमध भांग पाडा. केस ओले करा, कंडिशनर भरपूर लावा, मोठ्या दातांचा कंगवा तिच्या हातात द्या. अर्धं डोकं तिचं, अर्धं तुमचं. टोकापासून सुरू करायचं, दोन बोटं वर सरकायचं, गाठ लागली की कंगवा बाजूला ठेवून बोटांनी सोडवायची, हे एकदाच सांगा आणि मग गप्प बसा. तिच्या बाजूचं वाकडंतिकडं होईल. जेल कमी पडेल, मागे कानाजवळ एखादा गुंता राहील. सोमवारी ती तशीच शाळेत जाईल. तो गुंता तुम्हाला दिसेल, हात शिवशिवतील. राहू द्या तो.